खेळताना बोलायचं नाही

तोंडावर मी तिला शेवटपर्यंत काकू आणि तुम्ही म्हणत आले. इथे ती समोर नाही, म्हणून एकेरीतच लिहिते. एवढ्यानं माझं समाधान होईल असं नाही, पण सध्या एवढंच करता येण्यासारखं आहे.

आणखी एक गोष्ट आधीच सांगून ठेवते. माझ्या मुलीला, सईला, जन्मापासून ऐकू येत नव्हतं. हे काकूला माझ्या आधी कळलं आणि तिनं मला सांगितलं नाही. पुढे वाचताना काकू तुम्हाला आवडायला लागेल. मलाही आवडली होती. म्हणून हे सुरुवातीलाच लक्षात असू द्या.

मी तेव्हा खामगावात एका सरकारी कचेरीत नव्यानं कारकून म्हणून लागले होते. माहेर-सासर दोन्ही लोणारकडचं, बीबी गावाच्या आसपासचं. नवरा जालन्याला एका बियाण्याच्या कंपनीत, शनिवारी रात्री यायचा आणि सोमवारी पहाटे जायचा. कडेवर सई. अशा बाईला खोली देताना घरमालक काय काय विचारतात ते मला पाठ झालं होतं. पगार किती, आडनाव काय, आडनावावरून कळलं नाही तर गाव कोणतं, मटण शिजवता का, पाहुणे किती येतात. काकूचं घर कापसाच्या एका बंद पडलेल्या जिनिंगच्या मागे होतं. स्लॅबचं, चार खोल्यांचं, पुढे पत्र्याच्या सावलीत लांब ओटा आणि ओट्यावर जाड फळ्यांचं एक जुनं लाकडी तखत. काकूनं यातलं काहीच विचारलं नाही. ती माझ्याकडे बघतही नव्हती.

"केवढी हाय?"

"आता वर्षाची होईल."

"ठेव तिले तखतावर."

मी ठेवलं. काकूनं आतून एक झाकणाचा डबा आणून सईपुढे ठेवला आणि हाताची घडी घालून उभी राहिली. सईनं झाकण ओढलं, निघालं नाही. मग तिनं डबा दोन पायांत घट्ट धरला आणि पुन्हा ओढलं. झाकण निघालं, सई मागच्या मागे पडली, आणि पडल्या पडल्या झाकण न्याहाळायला लागली.

"खोली तुमची," काकू म्हणाली. "पन एक सांगून ठेवतो. शाळेत घातली का खोली खाली कराची. आंगनवाडी म्हना, नर्सरी म्हना, कुठंबी घाला, पन मंग इथं राहाचं नाई. मले लेकरू पाह्यजे, भाडेकरू नाई पाह्यजे."

बाई असून ती स्वतःबद्दल 'सांगतो', 'करतो' असं बोलायची. तिच्या वयाच्या बऱ्याच बायका तशा बोलतात. नवरा माझ्या कानात म्हणाला, बाई सटकलेली दिसते, पण खोली हवेशीर आहे. आम्ही त्याच दिवशी सामान आणलं.

काकूला मूल नव्हतं. नवरा जिनिंगमध्ये फोरमन होता, तो जाऊन बरीच वर्षं झाली होती. कधीकाळी तिनं बालवाडी चालवली होती, ती इंग्रजी नर्सऱ्यांनी खाल्ली. तेव्हापासून तिनं हा मार्ग काढला होता. रांगतं लेकरू असलेलं बिऱ्हाड ठेवायचं, लेकरू शाळेत जायला लागलं की दुसरं शोधायचं. म्हशीचं दूध आटलं की म्हैस बदलतात तसं, असं मी एकदा कचेरीत म्हटलं होतं आणि सगळ्या हसल्या होत्या.

मी कामावर गेले की सई तिच्याकडे. या सांभाळण्याचा तिनं कधी एक रुपया घेतला नाही. संध्याकाळी मी परतायचे तेव्हा दोघी तखतावर समोरासमोर बसलेल्या असायच्या आणि त्यांच्या मधे आमच्या किंवा तिच्या स्वयंपाकघरातलं काहीतरी पसरलेलं असायचं. परातीत कोरडं पीठ आणि त्यात बोटानं ओढलेल्या रेघा. एका गंजातलं, म्हणजे पातेल्यातलं, पाणी फडक्यानं टिपून दुसऱ्या गंजात पिळायचं. कपडे वाळवायचे चिमटे थाळीच्या कडेला एकाशेजारी एक लावायचे. सगळ्या डब्यांची झाकणं काढून ढीग करायचा आणि ज्याचं त्याला बसवायचं. चाळणीच्या भोकातून दोरा ओवायचा. कापसाच्या दिवसांत कुठून तरी बोंडं आणायची आणि सईला एकेका बोंडातून सरकी वेगळी करायला लावायची. तिच्या एवढ्याशा चिमटीत ती चिकट सरकी कशी यायची देव जाणे, पण यायची. काकू हाताच्या अंतरावर बसून असायची, दाणा तोंडाकडे गेला की मनगट धरायची. तेवढ्या वेळात ती फोडणीसुद्धा जळू द्यायची, पण उठायची नाही.

दुकानातल्या खेळण्याशी तिचं हाडवैर होतं. सईच्या वाढदिवसाला माझ्या दिरानं एक दिवे लागणारी, गाणं म्हणणारी मोटार आणली. काकूनं ती चालू करून शांतपणे शेवटपर्यंत पाहिली आणि आमच्या कपाटावर ठेवून दिली.

"बॅटरी खेळून राह्यली अन् लेकरू पाहून राह्यलं. याले खेळनं म्हनतेत काय बे?" हा प्रश्न तिनं माझ्या दिराला विचारला. दीर तालुक्याच्या गावी शिक्षक आहे, त्याला कोणी बे म्हणत नाही. तो जेवलाच नाही नीट.

मोबाइलचं नाव काढायची सोय नव्हती. सईला कोणी शाबास म्हटलेलंही तिला खपायचं नाही. "शाबास कुत्र्याले म्हनतेत. तिचं काम तिनं केलं, तू काऊन टाळ्या पिटतं?" लेकरू तखतावरून उतरताना पडायला आलं की आपण धावतो. काकू माझा पदर धरून ठेवायची. पडली की म्हणायची, "पाह्य, आता उलटी उतरन." आणि सई दुसऱ्या दिवसापासून खरंच पोटावर वळून, पाय खाली सोडून उतरायला लागली.

पण तिचा सगळ्यात मोठा नियम वेगळाच होता. खेळताना बोलायचं नाही. एरवी काकूचा आवाज भांड्यावर उलथणं घासावं तसा, भाजीवाला गल्लीच्या टोकाला असताना ती त्याच्याशी भाव करायची. पण तखतावर बसली की तोंडाला कुलूप. लेकराला काही दाखवायचं तर हातानं दाखवायचं. बोलवायचं तर खांद्याला हात लावायचा किंवा फळीवर थाप मारायची. मी एकदा कौतुकानं म्हणायला लागले, सई, हे काय गं, ही डाळ का, ही कुठली डाळ. काकूनं मला हातानं गप्प केलं आणि नंतर स्वयंपाकघरात गाठलं.

"तिचे हात बोलून राह्यले होते. तू मधात काऊन बोलली?"

"पण काकू, बोललं नाही तर ती शिकणार कशी बोलायला?"

"बोलाले काय, मोठी झाली का जलमभर बोलनच. बोलन्याले कोनाचं अडलं? पाह्यनं शिकू दे तिले आधी."

मला ते पटलं होतं. आजही वाटतं की एखाद्या ऐकणाऱ्या मुलाच्या बाबतीत ते थोडंफार खरं असेल. आमच्या घराण्यात मुलांशी सतत बोलतात, नाव घे, नमस्कार कर, मामाला पापी दे. त्या कलकलाटातून सुटून मी या ओट्यावर येऊन पडले होते आणि संध्याकाळी त्या दोघींना बघताना जिवाला थंड वाटायचं. दोघींच्या मधे एक सूप, सुपात मिसळलेली तूरडाळ आणि हरभरे, चार हात आणि एक शब्द नाही. सई मधेच मान वर करून काकूच्या डोळ्यांत बघायची. काकू भुवई हलवायची. सई पुन्हा खाली बघायची. माझ्या पोटच्या पोरीनं माझ्याकडे तसं कधी पाहिलं नव्हतं. मला काकूचा हेवा वाटायचा, हेही आता लिहूनच टाकते.

अशा घरात, जिथे कोणी बोलतच नाही, तिथे न ऐकणारं मूल सगळ्यात हुशार दिसतं. सई तशी दिसायची. आलेला गेलेला म्हणायचा, काय एकाग्र पोरगी आहे.

सुरुवातीला ती बा बा, दा दा करायची. मग तेही कमी झालं आणि थांबलं. काकू म्हणाली, हात कामाले लागले का तोंड थांबते. पुढे तिच्या वयाची गल्लीतली पोरं आई, पाणी, भुर्र म्हणायला लागली आणि सई बोट दाखवायची, हात धरून ओढायची. सासूनं बीबीहून वेखंड पाठवलं, उगाळून जिभेला लाव म्हणाली. काकूनं ते वेखंड हुंगलं आणि खिडकीत ठेवून दिलं. तिचा एक पुतण्या चार वर्षांचा होईपर्यंत बोलला नव्हता आणि आता वकील आहे, असं ती सांगायची. सासूच्या वेखंडापेक्षा मला हा वकील जास्त शास्त्रीय वाटला.

तरी एका रविवारी माझा धीर सुटला. नवरा घरी होता. मी म्हटलं, काकू, हिला ऐकू तर येतं ना? काकूनं माझ्याकडे एकदा पाहिलं. मग तिनं सईला तखतावर डब्यांशी बसवलं, पाठीमागे पितळी थाळी फळीवर पालथी घातली आणि उलथण्यानं तिच्यावर ठाण्कन मारलं. सईनं गर्रकन वळून पाहिलं. काकूनं पुन्हा मारलं, सई पुन्हा वळली आणि हसली. नवरा म्हणाला, झालं समाधान? मला इतकं हलकं वाटलं की मी सगळ्यांसाठी शिरा केला. पुढे कोणीही पाहुणा आला आणि पोरगी बोलत नाही का म्हणाला, की काकू थाळी आणायची. सईलाही त्या खेळाची गोडी लागली होती.

काकू एकदाच मला हळवी दिसली. भाजीबाजारात आम्हाला एक बाई भेटली, काकूची जुनी भाडेकरू. बरोबर पाचवी-सहावीतला मुलगा. "अरे, ओळखलं का? हिनंच तुला लहानपणी सांभाळलं." मुलगा कसनुसं हसला आणि आईच्या पिशवीकडे बघायला लागला. काकूही त्याच्याशी काही बोलली नाही. परत येताना मी उगाच म्हटलं, लहान होता तो, कसं आठवणार.

"तीन वर्साच्या आतलं कोनालेच आठवत नाई," ती म्हणाली. "मले मालूम हाय थे. मालूम असूनच करतो." तेव्हा मला तिची फार कीव आली होती.

सई दोन वर्षांची होऊन गेली. त्या थंडीत अमडापूरला काकूचा भाऊ वारला. ती तेरवी उरकूनच येणार होती. मी कचेरीतून रजा काढली आणि पहिल्यांदा सलग दिवसच्या दिवस सईबरोबर एकटी बसले. काकूचेच खेळ मांडले. एका दुपारी सई पलंगावर गादीवर बसून थाळीला चिमटे लावत होती. मला वाटलं, आपणही थाळीचा खेळ खेळावा. दुसरी थाळी एका हातात धरली आणि तिच्या पाठीशी उभं राहून उलथण्यानं मारली.

सई चिमटे लावत राहिली.

मला वाटलं, तंद्रीत आहे. आणखी जोरात मारली. शेजारच्या अंगणातलं कुत्रं भुंकायला लागलं, माझ्या स्वतःच्या कानात दडे बसले. सईनं चिमटा नीट बसला का ते पाहिलं आणि पुढचा उचलला. मी तिला उचलून ओट्यावर आणलं, तखतावर बसवलं, पाठीमागे फळीवर थाळी पालथी घातली आणि काकू मारायची तशी मारली. सई गर्रकन वळली आणि हसली. मग मी थाळी उचलून हवेत धरली आणि मारली. काही नाही. फळीवर मारली, वळली. हवेत, काही नाही. ती बुडाखालची फळी हलली की वळत होती. तिला तो मागून कोणीतरी हलवण्याचा खेळ वाटत होता आणि ती मला खूश करायला हसत होती. मी थाळी ओट्यावरून खाली भिरकावली. थाळीचा एवढा आवाज झाला, तोही तिला ऐकू आला नाही.

अकोल्याला कानाच्या डॉक्टरांकडे गेलो. सईला औषधानं झोपवून, डोक्याला वायरी लावून तपासलं. दोन्ही कान. डॉक्टर चांगले होते, समजावून सांगत होते. आधी कानामागचं मशीन लावून पाहायचं, त्यानं भागलं नाही तर ऑपरेशन, आणि त्यानंतर वर्षानुवर्षं बोलायला शिकवायचं. मेंदूला आवाजाची सवय जितकी लवकर होईल तितकी बरी, म्हणाले. मग सहज विचारावं तसं विचारलं, "घरात कुणाच्याच लक्षात आलं नाही का? वर्षभर आधी आला असता तर हिला पुष्कळ सोपं गेलं असतं." नवरा खाली बघत होता. मी म्हटलं, नाही आलं. तेव्हा मला तसंच वाटत होतं.

काकू अमडापूरहून परतली तेव्हा आम्ही ओट्यावरच होतो. तिनं पिशवी ठेवली, सईच्या खांद्याला हात लावला, सई तिला बिलगली. मी म्हटलं, काकू, सईला ऐकू येत नाही. अजिबातच येत नाही.

ती दचकली नाही. भावाला पोचवून आलेली बाई, चेहरा आधीच उतरलेला, त्यात काही फरक पडला नाही. तिनं सईच्या केसातून हात फिरवला आणि म्हणाली, "मले मालूम हाय."

"कधीपासून?"

"होळीपासून. ओट्यासमोरून डफडे वाजवत पोट्टे गेले. ही इथं झोपेल होती. पापनीबी हालली नाई."

होळीपासून! मधे उन्हाळा गेला, पावसाळा गेला, दसरा-दिवाळी गेली. नवऱ्यानं विचारलं, "मग ती थाळी?"

"ही भेत होती," ती माझ्याकडे बोट करून म्हणाली. "रोज तोंड उतरवून बसे. म्हून थाळी फळीवर ठेवली. तुमच्या मनाले बरं वाटावं म्हून."

मी काय काय बोलले ते मला सगळं आठवत नाही. मी तिच्यावर हात उचलला होता असं नवरा सांगतो. तिचं उत्तर मात्र शब्दन् शब्द आठवतं, कारण ते ती खालच्या आवाजात बोलली आणि ती तशी कधीच बोलत नसे.

"सांगतलं असतं त तुमी तिले घेऊन गेले असते. अकोला, नागपूर, डाक्टर, मशीन. सारे तिच्या कानाकडंच पाह्यत बसले असते. तिच्या हाताकडं कोनी पाह्यलं नसतं. लोकायनं मुकी म्हनलं असतं, अन् तूबी रडत बसली असती. इतके दिवस तू तिच्याकडं चांगल्या पोरीवानी पाह्यलं. थे तुले मी देल्लं."

"आणि तिचं काय, काकू? तिचं वर्ष गेलं."

"तिले काय कमी होतं इथं?" ती म्हणाली. मग "अन् तुमी घेऊन गेले असते तिले," असं तिनं पुन्हा म्हटलं. खरं कारण ते होतं आणि ते तिनं दोनदा सांगितलं, एवढा प्रामाणिकपणा तिच्या खात्यावर मांडायला माझी हरकत नाही.

आयजीच्या जिवावर बायजी उदार. माझ्या मुलीच्या आयुष्यातलं सगळ्यात मोलाचं वर्ष काढून तिनं ते मला सुखाचे दिवस म्हणून वाटलं, आणि त्यातला मोठा वाटा स्वतः ठेवला. आम्ही खोली सोडली. सामान टेम्पोत चढत असताना ती सईला मांडीवर घेऊन तखतावर बसली होती आणि दोघी दोरीच्या गाठी सोडवत होत्या. मी जाऊन सईला तिच्या हातातून उचललं. सईच्या मुठीत दोरी राहिली, ती मी काढून टाकली.

अकोल्याला बदली मिळवली. मशीननं भागलं नाही, नागपूरला ऑपरेशन झालं. कानावरच्या हाडाशी, कातडीखाली एक चकती बसवली आणि तिच्यावर बाहेरून एक बटण लोहचुंबकानं चिकटतं, त्याची तार कानामागच्या मशीनला. आवाज पहिल्यांदा चालू केला तेव्हा सई किंचाळून रडली. सगळी मुलं रडतात असं सांगितलं, पण लहान असतील तर लवकर सरावतात. सई सरावायला फार वेळ घेत होती. शब्द एकेक करून, ओढून काढावा लागायचा.

बोलायला शिकवणाऱ्या मॅडमनी पहिल्याच दिवशी टेबलावर काय मांडावं? दोन वाट्या, डाळ, चमचा, चिमटे, झाकणं. आईनं घरी करून घ्यायचे सोपे खेळ. सईनं सगळं पाहिलं आणि मॅडम सांगायच्या आत भराभरा करून टाकलं. मॅडम बघतच राहिल्या. "बोटांची पकड काय सुंदर आहे हिची. नजर किती स्थिर आहे. घरी छान करून घेतलंय तुम्ही." मी म्हटलं, शेजारी एक काकू होत्या.

पण मॅडमचा नियम नेमका उलटा होता. खेळताना सतत बोलायचं. डाळ घे. डाळ ओत. ओतली! आणखी ओत. मी पोपटासारखी तास तास बोलत बसायचे, घसा बसायचा. आणि सई काय करायची? मी डाळीचं सूप पुढे ठेवलं, की ती आधी कानामागे हात न्यायची, बटण काढायची, बाजूला ठेवायची आणि मग खेळायला लागायची. तिच्या लेखी हात चालायचे तेव्हा आवाज बंद, हा खेळाचा भागच होता. दिवसातून कितीदा ते बटण मी परत लावलं असेल. ती रडायची, मी लावायचे. चिडून एकदा तिच्या पाठीत धपाटाही घातला. त्या प्रत्येक वेळी मी मनातल्या मनात काकूला शिव्या दिल्या आहेत, आणि त्यातली एकही परत घेणार नाही.

सई आता पहिलीत आहे. बोलते. वाक्यं तोडून तोडून बोलते, नवख्या माणसाला निम्मं कळत नाही, पण आई म्हणते, पाणी म्हणते, बसमध्ये खिडकी मागते. गेल्या उन्हाळ्यात एका लग्नाला खामगावला गेलो होतो. कार्यालयापासून काकूचं घर जवळ. मी सईला घेऊन गेले. भेटायला म्हणून नाही. ही ऐकते, ही बोलते, हे मला त्या बाईच्या तोंडासमोर नेऊन उभं करायचं होतं.

ओट्यावर एक नवी बाई कपडे वाळत घालत होती, खाली एक गुटगुटीत पोरगं डबे आपटत होतं. मी पहिल्या वाक्यालाच विचारलं, बोलतो का हा? "बोलतो की," ती म्हणाली, "दिवसभर डोकं उठवतो." मला उगाच सुटल्यासारखं वाटलं. आतून काकू आली. वाळली होती, पण चालणं तेच. तिनं मला पाहिलं, मग सईला पाहिलं, आणि आल्या पावली आत गेली. बाहेर आली ती सूप घेऊन. सुपात तूरडाळ आणि हरभरे. ती तखतावर बसली. मी काही म्हणायच्या आत सई तिच्यासमोर जाऊन बसली, जणू मधली वर्षं गेलीच नव्हती. चार हात सुपात चालायला लागले. आणि सईचा एक हात सवयीनं कानामागे गेला.

"सई, नाही," मी म्हटलं. "राहू दे ते."

तिनं हात खाली घेतला. काकू त्या बटणाकडे बघत होती.

"आता तिला ऐकू येतं, काकू. बोला तिच्याशी."

काकूनं एक हरभरा वेगळा केला.

"बोला ना. इतके दिवस गप्प बसलात, आता बोला."

काकूनं हातातली डाळ सुपात सोडली. घसा खाकरला. माझ्याकडे न बघता, सईकडे बघून म्हणाली, "सई. कशी हायेस व माय?"

सई दचकली. तिनं मागे पाहिलं, पत्र्यांकडे पाहिलं, कपडे वाळत घालणाऱ्या बाईकडे पाहिलं, मग माझ्याकडे. आवाज कुठून आला ते ती शोधत होती. समोर पाहणं तिच्या मनातही आलं नाही.

"सई, मी बोलून राह्यली!" काकू आणखी मोठ्यानं म्हणाली, तिच्या त्या फुटक्या आवाजात, आणि या वेळी सईला तिचे ओठ हललेले दिसले. ती त्या तोंडाकडे बघत राहिली. तिच्या ओळखीच्या या माणसाच्या आत असला काही आवाज असतो हे तिला ठाऊकच नव्हतं. तिचा चेहरा रडवेला झाला. काकूनं पुढे हात केला तशी ती घाईनं तखतावरून उतरली, सूप कलंडलं, आणि माझ्यामागे येऊन तिनं ओढणी घट्ट धरली.

"आई. ओरडते. चल," ती म्हणाली. तीन शब्द, एकामागोमाग एक, अगदी स्पष्ट. काकूलाही ते कळले.

मी येते म्हटलं. काकू फळ्यांवर सांडलेले दाणे एकेक करून वेचत होती, तिनं मान वर केली नाही. मला बरं वाटलं. खोटं कशाला सांगू, फार बरं वाटलं. बसस्टँड येईपर्यंत तरी वाटत होतं.